परीटघडी जमादाराची इस्त्री

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. जुनी म्हणा, जड म्हणा, काळी म्हणा. खरं आहे ते, मला राग नाही. भंगार तेवढं म्हणू नका. भंगाराला कुणी गोष्ट विचारत नाही आणि माझ्याकडे एक आहे. मित्रांनो, ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तोंड वाकडं करायचं नाही.

माझा जन्म ओतशाळेतला. ओल्या वाळूचा साचा, त्यात ओतलेलं लालभडक लोखंड आणि वर खोकत उभा असलेला ओतारी. त्याच भट्टीतून गटारांची झाकणंही निघाली. आई एकच, पण नशीब ज्याचं त्याचं. त्यांच्या वाट्याला रस्ता आला, माझ्या वाट्याला गणवेश. पुढे एका कामगारानं माझा तळ इतका घासला की त्यात बघून तो आपल्या मिशा नीट करायचा. मला निखाऱ्यांसाठी पोट मिळालं, पोटाला झाकण, झाकणाला कडी, धूर जायला भोकं आणि वर शिसवी मूठ. ती मूठ आजही हलत नाही. आताच्या वस्तू बघते मी. दुकानातून घरी येईपर्यंत त्यांचे सांधे ढिले झालेले असतात.

लष्कराच्या भांडारातून मी एका पलटणीच्या धोब्याकडे गेले. सगळे त्याला धोबीकाका म्हणत. माणूस वाळक्या काटकीसारखा, पण मला एका हातानं असा फिरवायचा की जणू मी पिसाची आहे. सैनिक त्याची चेष्टा करत.

"काका, इस्त्रीचं कापड घातलेला माणूस गोळीला वेगळा ओळखू येतो का हो?"

"येतो तर. त्याच्याकडे यायला लाजते ती."

मग लढाई लागली आणि गोळ्यांना लाज नसते हे सगळ्यांना कळलं.

आमचा तळ नदीच्या काठाला होता. वर डोंगरावरून माणसं खाली आणली जायची, कधी स्ट्रेचरवर, कधी नुसती घोंगडीत गुंडाळून. जी मेली त्यांना तिथंच पुरत, कारण घरापर्यंत न्यायला वाट नव्हती. घरी जायचं ते फक्त एक गाठोडं. त्यात घड्याळ, फोटो, दाढीचं सामान आणि अंगावरचा गणवेश. तो गणवेश आधी धोबीकाकाकडे यायचा. तो ते कापड नदीच्या गार पाण्यात धुवायचा, मीठ लावायचा, वाळवायचा आणि मग मला तापवायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. ती त्याची त्यानंच घालून घेतलेली रीत.

पायाला जखम झालेला एक सैनिक तेव्हा त्याच्या हाताखाली हलक्या कामाला दिला होता. तोच माझ्या गोष्टीतला माणूस. धोबीकाका त्याला शिकवायचा.

"रक्ताला गार पाणी. गरम घातलंस की ते घर करून बसतं. आणि शिवणीत शिरलं असेल तर नाद सोड. दोन पदरांच्या मधलं निघत नाही. वरून इस्त्री फिरव, आईला दिसत नाही."

"पण एवढं कशाला, काका? मेला तो मेला."

"आईनं घडी उघडली की तिला डाग दिसता कामा नये. डाग दिसला की तो कसा पडला असेल हेच ती जन्मभर बघत बसते. कापड स्वच्छ असलं की तिला वाटतं, पोरगा झोपेत गेला."

त्या सैनिकानं हे वाक्य मनात असं ठेवलं की पुढे ते कुणालाच तिथून काढता आलं नाही.

एके दिवशी तोफेचा गोळा नदीकाठी पडला, बरोबर धुण्याच्या दगडावर. मी वरच्या तंबूत होते म्हणून राहिले. धोबीकाकाचा शर्ट त्या सैनिकानं धुतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला हातात धरलं. कधी उचलायची ते त्याला ठाऊक नव्हतं. खिशाजवळ मी जास्त वेळ टेकले आणि तिथं कापड पिवळं पडलं. काका गेला तेव्हा तो रडला नव्हता. त्या पिवळ्या डागापाशी बसून मात्र हमसून हमसून रडला. त्यानंतर ज्यांचे कपडे आले, ते सगळे त्यानं माझ्याकडून करून घेतले. किती ते विचारू नका. मला मोजता येत नाही, आणि त्याला येत असून त्यानं मोजले नाहीत.

लढाई संपली तेव्हा त्यानं मला घोंगडीत गुंडाळून घरी आणलं. पोलिसात तेव्हा लष्करातून आलेली माणसं घेत होते. तो शिपाई झाला, हवालदार झाला आणि केस पांढरे व्हायला लागले तेव्हा जमादार झाला. राहायला पोलिसांच्या वसाहतीत दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात चार घरांचा मिळून एक नळ. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी. ती माझी जागा. लग्न होऊन आलेल्या त्याच्या बायकोनं पहिल्याच दिवशी मला बघून घेतलं.

"सवत आधीच घरात येऊन बसलीय वाटतं. आणि तीही काळी."

"हिला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"लावत नाही. मला काय हात जड झालेत का?"

अशी ती. तिच्या जिभेला तापायला वेळ लागत नसे, निवायला मात्र माझ्यासारखाच लागे. आमचं जमलं.

जमादार स्वतःचा गणवेश स्वतः करायचा. काम झालं की मला थंड करून राख काढायचा, तळाला मेणाचा बोळा फिरवायचा, मग कोरडं फडकं. एक दिवस चुकवला नाही. ठाण्यात त्याचं नावच परीटघडी पडलं. एकदा संचलनात मोठ्या साहेबांनी त्याला रांगेतून पुढे बोलावलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "बघून घ्या, घडी म्हणतात ती याला." घरी येऊन त्यानं ते मला सांगितलं. बायकोला नाही, मला. ती दारामागून ऐकत होती, म्हणून तिलाही कळलं.

पण मित्रांनो, कापडावरची सुरकुती मी काढते, माणसावरची काढू शकत नाही. रस्त्यावर टायर फुटला की हा माणूस जेवता जेवता जमिनीवर आडवा व्हायचा. मग उठायचा, भात झटकायचा आणि कुणाकडे न बघता कोळसे पेटवायला घ्यायचा. धुतलेलं, आधीच इस्त्री केलेलं कापड पुन्हा काढून त्यावरून मला फिरवत राहायचा. त्याची मुलगी लहान होती तेव्हा विचारायची, "आई, बाबा काय करतायत?" आई सांगायची, "लोक दारू पितात, तुझे बाबा चादरी जाळतात. त्यातल्या त्यात हे स्वस्त."

आणि ती जुनी रीत त्यानं इथंही चालू ठेवली. अपघातात गेलेला ड्रायव्हर, विहिरीतून काढलेली बाई, दंगलीत दगड लागून मेलेला शिपाई. तपास पुरा झाला, कपड्यांचं सील निघालं, की नातेवाइकांना द्यायच्या आधी ते आमच्या अंगणात यायचे. गार पाणी, मीठ, उन्हात वाळवण, मग मी. घेणारे लोक घडी हातात घेऊन त्याच्याकडे बघायचे आणि काही बोलू शकायचे नाहीत. त्याला तेवढं पुरायचं. ठाण्यात सगळ्यांना ही रीत ठाऊक होती. नव्या शिपायांना सांगत, मरायचं तर आपल्या ठाण्यात मरा, इस्त्री फुकट आहे.

त्या ठाण्याचा ठाणेदार वयानं जमादारापेक्षा लहान. गोड बोलणारा, दिलदार, सगळ्यांच्या लग्नकार्याला हजर. "जमादार, तुमच्यासारखी माणसं आता घडत नाहीत," असं उठता बसता म्हणायचा. आता म्हणतात ना, कोळसा उगाळावा तितका काळाच. माझ्या पोटात जन्मभर कोळसाच होता, तरी सांगते, कोळसा निदान आधीपासून काळा दिसतो.

एकदा जमादार कैद्याला पोचवायला परगावी गेला होता. तो परतला त्या दिवशी ठाण्यातून थेट घरी आला, काखेत एक बोचकं घेऊन. बायको नळावर पाणी भरत होती.

"कुणाचं?"

"रंगाऱ्याचं. ज्या घरात रंग देत होता तिथली सोन्याची साखळी गेली. चौकशीला आणला होता. जिन्यावरून पडला म्हणे."

"कुठल्या जिन्यावरून?"

"ठाण्यातल्याच."

"आणि हे आजच आणलंत? सील नाही, काही नाही?"

"ठाणेदारांनी दिलं. त्याची आई येतेय दुपारी. म्हणाले, जमादार, तुम्हाला सांगायला नको."

त्यानं बोचकं सोडलं. आत शर्ट होता, कधीकाळी पांढरा असलेला. पुढून सगळा रंगाच्या थेंबांनी भरलेला, निळे, पिवळे, हिरवे. मागून तो कडक झाला होता. बायकोनं बादली खाली ठेवली.

"अहो, जिन्यावरून पडलेल्याच्या पाठीला असं ओळीओळीनं रक्त येतं?"

त्यानं शर्ट पाण्यात बुडवला. पाणी गुलाबी झालं, त्यानं ते ओतलं, पुन्हा भरलं. त्याचे डोळे मला खिडकीतून दिसत होते. ते अंगणात नव्हते. ते नदीकाठी होते.

"मीठ दे," तो म्हणाला.

तिनं बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग आत गेली आणि तिनं मीठ आणून दिलं.

शर्ट उन्हात वाळला आणि माझ्याखाली आला. रंगाचे थेंब होते तिथंच होते. पाठ स्वच्छ, पांढरी. मानेखाली खांद्यावर जो दुहेरी कापडाचा पट्टा असतो ना, तिथं मी त्याच्या हाताखाली नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले. वाफ उठली आणि त्या वाफेत गोडसर, लोखंडी वास आला. तो वास आम्हा दोघांच्या चांगला ओळखीचा. त्यानं मान फिरवली आणि घडी घातली. अशी घडी, की कुणीही म्हणावं, हा शर्ट आत्ताच दुकानातून आणला.

पुढचे काही आठवडे घरात कुणी त्या रंगाऱ्याचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी एक बाई आली. उंच, खांद्यानं रुंद, कपड्यांना कापूस चिकटलेला. गाद्या भरण्याचा तिचा धंदा होता. तिनं उंबरठ्यावर दमही घेतला नाही.

"परीटघडी जमादार तुम्हीच का?"

"मीच. बसा."

"मी रंगाऱ्याची आई." ती बसली नाही. तिनं पिशवीतून तो शर्ट काढला आणि माझ्या शेजारी टेबलावर ठेवला. घडी अजून तशीच होती. "हा तुम्ही धुतलात?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगावं लागत नाही. मी नेहमीच," एवढं बोलून तो थांबला.

दारातून त्याची बायको बोलली, आवाज न चढवता. "सांगावं लागत नाही म्हणूनच ठाणेदारानं तुमच्याकडे दिला. त्याला ठाऊक होतं तुम्ही काय करणार ते."

 त्या माणसाच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं, मित्रांनो. लढाईतून, चिखलातून, मेलेल्या माणसांच्या गाठोड्यांतून त्यानं एवढी एक चांगली गोष्ट सोबत आणली होती, आणि कुणीतरी त्याच गोष्टीनं घाण पुसून घेतली होती.

रंगाऱ्याची आई म्हणाली, "चौकशीला आलेले साहेब म्हणाले, बाई, मारलं म्हणता तर रक्त कुठंय? हा शर्ट तर नवा वाटतो. मी काय बोलणार? मला तर आधी वाटलं, यांनी भलताच शर्ट दिला. मग थेंब ओळखले. हा निळा शाळेच्या खिडक्यांचा. हा पिवळा दवाखान्याचा."

"आई, मला वाटलं," जमादार म्हणाला. ती त्याच्याच वयाची असेल, पण त्यानं तिला आई म्हटलं. "डाग तुम्हाला दिसू नये म्हणून मी..."

"मला विचारलंत?"

त्यानं मान हलवली. नाही.

"रक्ताचं एक राहू द्या. मी हा घरी नेऊन नाकाला लावला. साबणाचा वास आला. नुसता साबणाचा. माझ्या लेकाच्या अंगाला अळशीच्या तेलाचा नि घामाचा वास यायचा. मी त्याला ओरडायची, घाणेरड्या, शर्ट अंगणातच काढ म्हणून. तेवढाही ठेवला नाहीत तुम्ही माझ्याकडे."

जमादार खाली बसला. एवढ्या सगळ्या गाठोड्यांत, एवढ्या सगळ्या घड्यांत, एकाही आईला त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि नीट घडी हातात घेऊन लोक त्याच्याकडे बघत राहायचे, बोलू शकायचे नाहीत, ते कशामुळे, हे त्याला बहुतेक त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

मग तो म्हणाला, "सगळं गेलेलं नाही. खांद्याचा पट्टा दुहेरी असतो. मधलं निघत नाही."

तिनं कनवटीला खोचलेली छोटी पाती काढली आणि शिवण उसवायला घेतली. गादीवालीचे हात ते, टाका न् टाका सुटत गेला, कापडाला ओरखडा नाही. पट्टा उलटला. आतली बाजू तपकिरी होती. माझ्या उष्णतेनं पक्की झालेली.

"रंग म्हणतील ते," जमादार म्हणाला.

"तपकिरी रंगाचं काम तो घ्यायचा नाही. म्हणायचा, उदास रंग आहे." तिनं पट्टा पुन्हा दुमडला. "साक्षीला उभे राहाल?"

"बघतो."

"सगळ्यांचं बघूनच झालंय आता," दारातून त्याची बायको म्हणाली.

बातमी ठाण्यात पोचायला वेळ लागला नाही. ठाणेदार घरी आला, हातात मुलीसाठी खाऊचा पुडा. मुलगी आता कॉलेजात जात होती, तरी पुडाच. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"जमादार, तुमची बढती वर जाऊन पोचलीय. फौजदार होऊन निवृत्त व्हाल. आता या वयात कशाला धुणी काढता?"

"धुणंच तर काढलं, साहेब. तीच चूक झाली."

"हे बघा, पोरगं हट्टी होतं. जरा हात जास्त पडला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर लढाई बघितलीय."

जमादारानं खाऊचा पुडा उचलून त्याच्यापुढे ठेवला. तेव्हा ठाणेदाराचं 'तुम्ही' गळून पडलं.

"तिकडे माणसं मारलीस तेव्हा कुणी शिवण उसवली होती का रे तुझी?"

"नाही," जमादार म्हणाला. "उसवायला हवी होती."

ठाणेदार गेला. जमादाराच्या बायकोनं खाऊचा पुडा उचलला, रस्त्यावर त्याच्या मागे जाऊन त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "विसरलात." नंतर शेजारपाजारच्या पोलिसांच्या घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. नळावर ही गेली की बाकीच्या बादल्या उचलून चालू लागायच्या. "चला, रांगेत उभं राहायचं वाचलं," ती म्हणायची. घरी येऊन मात्र बादली जरा जोरात ठेवायची.

खटला उभा राहिला तेव्हा मला कोर्टात नेलं. हसू नका, खरंच नेलं. झालं असं, की ठाणेदाराचे वकीलसाहेब म्हणाले, पट्ट्यातला डाग रक्ताचा नाही, रंगाचाही नाही. तो गंज आहे. जमादाराच्या जुन्यापुराण्या इस्त्रीचा गंज कापडाला लागला.

माझा गंज.

आयुष्यात मला काळी म्हणाले, जड म्हणाले, सवत म्हणाले. पण गंजकी कुणी म्हणालं नव्हतं. भरल्या कोर्टात मला टेबलावर आडवी ठेवली. न्यायाधीशबाईंनी आपला पांढरा रुमाल काढला आणि माझ्या तळावरून दाबून फिरवला, टोकापासून मागच्या काठापर्यंत. रुमाल उघडून सगळ्यांना दाखवला. त्यावर मेणाचा वास होता, बाकी काही नव्हतं. इतकी वर्षं रोज फिरवलेला तो बोळा त्या दिवशी कामाला आला. पट्टा तपासायला पाठवला होता, तिकडूनही उत्तर आलं. माणसाचं रक्त.

मला वाटलं, जिंकलो. मी लोखंडाची, मला वकिलांचं काय ठाऊक. ते शांतपणे पुन्हा उठले.

"म्हणजे रक्त होतं हे ठरलं. बाकीचं कुणी धुतलं?"

"मी," जमादार म्हणाला.

"किती होतं?"

"पाठभर. ओळीओळीनं."

"त्या ओळी आता कोर्टाला दाखवता येतील?"

"नाही."

"तुम्ही म्हणता म्हणून मानायच्या?"

जमादारानं रंगाऱ्याच्या आईकडे पाहिलं. ती समोरच्या बाकावर ताठ बसली होती. "हो," तो म्हणाला. "मी म्हणतो म्हणून."

पण तसं कोर्टात चालत नाही. मारहाण झाली एवढं सिद्ध झालं, जीव घेतला हे सिद्ध झालं नाही. शिवणीत जेवढं रक्त उरलं होतं तेवढाच न्याय मिळाला. ठाणेदार थोडी वर्षं आत जाऊन बाहेर आला. केस काळे करून परत लोकांच्या लग्नकार्याला जायला लागला. ती साखळी पुढे त्याच घरातल्या कपाटामागे सापडली, असं म्हणतात. त्या लोकांनी कपाट हलवून मागची भिंतही दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेतली.

आणि जमादारावर पुरावा नष्ट केल्याचा ठपका आला. बढती गेली, नोकरी गेली. गणवेश परत द्यायचा होता. त्या सकाळी त्यानं मला तापवलं, शर्टाची बाही, विजारीची धार, टोपीचा पट्टासुद्धा. घडी घालून घेऊन गेला. घेणाऱ्या कारकुनानं ती न बघता मागच्या ढिगावर फेकली. ते त्यानंच घरी येऊन सांगितलं. या वेळी मला नाही, बायकोला.

त्यानंतर त्यानं मला कधी तापवलं नाही. राख काढली, मेण फिरवलं, फळीवर ठेवली आणि पाठ फिरवली. घर बदललं, दोन खोल्यांची एक झाली. मुलगी नोकरीला लागली आणि विजेची इस्त्री घेऊन आली. गुलाबी, पोकळ, आतून पाणी थुंकणारी. मी तिच्याविषयी काही बोलणार नाही. वर्षात दोनदा बंद पडते एवढंच सांगते. जमादार तीही वापरायचा नाही. सुरकुतलेल्या कपड्यांत बाहेर पडायचा. परीटघडीचा माणूस, आणि आता त्याच्याकडे बघून लोकांना वाटायचं, याला कुणी नाही की काय.

जायचा कुठं? गादीवालीच्या दुकानात. तिनं बोलावलं की यानंच पाय धरले, मला माहीत नाही. तिथं जुन्या गाद्या यायच्या, त्या उसवून कापूस मोकळा करायचं काम तो करायचा. पाती घेऊन टाका न् टाका सोडवत बसायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांनाही कापूस. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. एकदा दुकानाबाहेर टायर फुटला आणि तो गाद्यांच्या मध्ये आडवा झाला. तिनं वर एक गादी टाकली आणि तो उठेपर्यंत गिऱ्हाईक आत येऊ दिलं नाही. हे तिनंच आमच्या बाईला, जमादाराच्या बायकोला, सांगितलं. पुढे दोघी अधूनमधून एकमेकींकडे बसायला लागल्या.

मागच्या हिवाळ्यात जमादार गेला. दुकानातून आला, शर्ट काढून खुंटीला लावला, जरा पडतो म्हणाला आणि उठला नाही. ठाण्यातून कुणी आलं नाही. मुलगी आणि जावई बाहेरची धावपळ करत होते. त्याच्या बायकोनं इतक्या वर्षांनी मला फळीवरून खाली घेतलं. हात लावायचा नाही म्हणून सांगितलेली मी. तिनं कोळसे पेटवले, माझ्या पोटात भरले, कडी लावली. टेबलावर चौपदरी घोंगडी घातली. खुंटीवरचा शर्ट काढला आणि बादलीकडे निघाली.

तेवढ्यात गादीवाली आत आली. तिनं बादली बघितली, मला बघितलं.

"काय करताय?"

"त्यांची रीत होती. गेलेल्याचं कापड आधी धुवायचं, मग इस्त्री. कुणीतरी करायला हवं ना त्यांचं."

"विचारलंत?"

"आता कुणाला विचारू बाई?"

"मला विचारा," गादीवाली म्हणाली. "ज्यांचं धुतलं गेलंय त्यांना विचारा. राहू द्या तो तसाच. आधी नाकाला लावून बघा."

आमची बाई शर्ट हातात घेऊन उभी राहिली. मग तिनं तो तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ तिथंच धरला. जुना कापूस, घाम, धूळ, आणि दुपारी खिशात ठेवलेल्या बिडीचा वास. मला नाक नाही, पण वाफेशिवायही काही गोष्टी कळतात. तिनं बादली पायानं बाजूला सरकवली. शर्टाची सुरकुत्यांसकट हातानंच घडी घातली, वाकडीतिकडी, आणि उशीखाली ठेवली. गादीवालीनं त्या घडीला हात लावला नाही. ती तिच्या शेजारी जाऊन बसली.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच. हाताखालच्या वस्तूला गंज चढू देऊ नका. कोण कधी तिच्यावर काय आळ घेईल सांगता येत नाही. आणि दुसऱ्याचं दुःख आवरायला घ्याल तेव्हा तुमची रीत कितीही चांगली असली, तरी आधी ज्याचं आहे त्याला विचारा. विचारायला पाणी लागत नाही, मीठ लागत नाही, कोळसाही लागत नाही.

त्या दिवशी मी पोटात निखारे घेऊन टेबलावर बसून राहिले. ते हळूहळू पांढरे झाले आणि तिथंच विझले. जन्मभरात तेवढं एकच काम मी न करता नीट केलं.